बेचाळीस वर्षं एकच गाव, एकच चर्च : राल्फ जॉसलिन नावाचा पाद्री

दप्तरी

सतराव्या शतकातलं इंग्लंड म्हटलं की राजाचा शिरच्छेद, क्रॉमवेल, प्लेग आणि लंडनची आग एवढं आठवतं. या सगळ्या धामधुमीत गावच्या चर्चमध्ये दर रविवारी उभं राहून प्रवचन देणाऱ्या माणसाची नोकरी कशी चालत होती, हे सहसा कुणी सांगत नाही. बहुतेकांची कुठे नोंदच नाही. एकाची मात्र आहे आणि ती भरपूर आहे. त्याच्यासाठी हा धागा.

राल्फ जॉसलिन. जन्म जानेवारी १६१७, एसेक्समधलं रॉक्सवेल. आजोबा खाऊनपिऊन सुखी शेतकरी, वडिलांनी त्यातलं बरंच घालवलं. पोराला लहानपणापासून पाद्रीच व्हायचं होतं. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेला खरा, पण पैसे संपले की घरी, जमले की परत कॉलेजात, असं चाललं होतं. १६३६ मध्ये वडील गेले आणि हाती फारसं काही आलं नाही. मग बेडफर्डशायरमध्ये एका शाळेत दुय्यम मास्तर, नंतर बकिंगहॅमशायरमधल्या ऑल्नी गावात सहायक पाद्री. तिथल्या पहिल्याच रविवारी, ६ ऑक्टोबर १६३९ ला, चर्चमध्ये एका मुलीशी नजरानजर झाली आणि वर्षभराने तिच्याशी लग्न झालं. तिचं नाव जेन कॉन्स्टेबल. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

दीक्षा मिळाली पीटरबरोच्या बिशपच्या हातून. त्या वेळी इतर जण वेदीकडे वाकून नमन करत होते, याने केलं नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

१६४१ मध्ये एसेक्समधल्या अर्ल्स कोन गावाचा व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य पाद्री, झाला आणि १६८३ च्या ऑगस्टमध्ये मेला तेव्हाही तिथलाच व्हिकर होता. मधल्या काळात काय काय झालं बघा. राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. १६४५ मध्ये प्रार्थनापुस्तकावर, म्हणजे चर्चमधली उपासना कशी करायची हे ठरवून देणाऱ्या पुस्तकावर, बंदी आली. १६४६ मध्ये बिशप हे पदच रद्द झालं. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं. १६६० मध्ये त्याचा मुलगा गादीवर आला, बिशप परत आले, प्रार्थनापुस्तक परत आलं. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक पाद्र्याला त्या पुस्तकातल्या शब्दन् शब्दाला जाहीर संमती द्यायला लावली. १६६० ते ६२ या काळात जवळपास २,००० पाद्री घराबाहेर पडले. त्याआधी संसदेच्या राज्यात राजाच्या बाजूचे साधारण तितकेच हाकलले गेले होते. जॉसलिन दोन्ही वेळा जागेवर राहिला.

कसा राहिला? उत्तराचा मोठा भाग पैशात आणि जमिनीत आहे, असं माझं मत. तिथल्या पाद्र्याला पगार सरकार देत नसे. गावाच्या उत्पन्नाचा दशांश त्याला मिळायचा, पण त्यातही दोन भाग. धान्य, गवत, लाकूड हा मोठा दशांश. कोकरं, लोकर, अंडी, दूध हा छोटा. रेक्टर असेल तर दोन्ही त्याचे, व्हिकर असेल तर नुसता छोटा. बऱ्याच गावांचा मोठा दशांश पूर्वी मठांकडे होता. आठव्या हेन्रीने १५३६ ते ४० मध्ये मठ मोडले तेव्हा तो जमिनीसकट खाजगी लोकांच्या हातात गेला. म्हणजे गावकरी देवाच्या नावाने जे धान्य देत ते एखाद्या जमीनदाराच्या कोठारात पडे आणि प्रवचन देणाऱ्याच्या वाट्याला अंडी. शिवाय नवा पाद्री कोण हे सुचवायचा हक्कही बहुधा त्याच जमीनदाराकडे. हा हक्क विकता येई, हुंड्यात देता येई.

अर्ल्स कोनचा मठ एकेकाळी ऑक्सफर्डच्या अर्लच्या, म्हणजे डी व्हिअर घराण्याच्या छायेत होता. पुढे त्या घराण्याची जमीन त्यांचाच कारभारी रॉजर हार्लाकेन्डन याने विकत घेतली. (शेक्सपिअरची नाटकं खरी कुणी लिहिली यावर भांडणारे ज्याचं नाव पुढे करतात, तोच हा अर्ल, एडवर्ड डी व्हिअर. कारभाऱ्याने धन्याची जमीन गिळली यावर बराच कोर्टकज्जाही झाला.) जॉसलिनला आणलं ते याच हार्लाकेन्डन घराण्याने. बोली अशी की दशांश, वर्गणी वगैरे मिळून वर्षाला ८० पौंड पडतील. पडले नाहीत. वर्गणी कबूल करणारे देताना मागे सरत आणि हा डायरीत कुरकुर करत राही.

मग त्याने काय केलं? जमीन घेतली. तुकड्यातुकड्याने, सारखी. गाई ठेवल्या, बिअरला लागणाऱ्या हॉप्सचा मळा केला. १६५० पासून काही वर्षं गावच्या शाळेची हेडमास्तरकी केली. शेतीचं उत्पन्न चर्चच्या मिळकतीच्या बरोबरीला आलं. पाद्री म्हणून बाहेर काढलं असतं तरी उपाशी मेला नसता, आणि मला वाटतं हे वर बसलेल्या सगळ्यांनाही ठाऊक होतं.

हे सगळं कळतं ते त्याच्या डायरीमुळे. १६४४ पासून मरणाच्या आधीच्या महिन्यापर्यंत, बारीक अक्षरात, एका छोट्या जाड वहीत. निवडक भाग १९०८ मध्ये छापून आला, पूर्ण १९७६ मध्ये, अ‍ॅलन मॅकफार्लेन यांनी संपादित केलेला. हवापाणी, पिकं, मुलांचे ताप, स्वप्नं, लढाया, उधारी, सगळं आहे. १६४४ मध्ये नाकाला मधमाशी चावली. काटा काढला, मध लावला, सूज आली नाही. लगेच नोंद, की देवाची कृपा किती बारीकसारीक गोष्टींपर्यंत पोचते.

आणि याची दुसरी बाजू. १६४८ मध्ये दहा दिवसांचं बाळ गेलं. तेव्हा तो आपल्यात शोधायला लागला, की आपल्या कुठल्या पापाची ही शिक्षा. मनातले फालतू विचार लिहिले आणि त्यासोबत लिहिलं, भलत्या वेळी बुद्धिबळ खेळणं.

---

मुक्काम_पोस्ट

वाचतोय. बुद्धिबळाच्या ओळीपाशी थांबलो.

---

खडूस_म्हातारा

लेख चांगला आहे, पण नायक काही पटला नाही. थोडक्यात, वारा येईल तशी पाठ. संसद आली तिच्याबरोबर, राजा आला त्याच्याबरोबर. दोन हजार माणसं बायकापोरं घेऊन रस्त्यावर आली आणि हा हॉप्सचा मळा राखत बसला. याला आमच्याकडे 'बेरकी' म्हणतात.

---

दप्तरी

@खडूस_म्हातारा, बेरकी होता हे मान्य. पण पाठ वळवली असं म्हणता येत नाही, कारण तो फारसा हललाच नाही. राजाच्या आणि बिशपांच्या राज्यात वेदीपुढे वाकला नाही. मग संसदेच्या बाजूने उभा राहिला आणि हार्लाकेन्डनच्या पलटणीबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेला. १६४८ मध्ये राजाच्या फौजा कोलचेस्टरकडे जाताना गावातून गेल्या. त्यांनी त्याचं घर धुऊन नेलं. पितळेची, कथलाची भांडी आणि अंथरुणं सोडून उचलता येईल ते सगळं. एवढं होऊनही सहा-सात महिन्यांनी राजाला मारलं तेव्हा 'काळीकुट्ट घटना' म्हणून लिहितो आणि डोळ्यांतलं पाणी आवरलं नाही म्हणतो. जिंकणाऱ्या बाजूच्या माणसाने हे लिहावं, यात मला तरी बेरकीपणा दिसत नाही.

१६६० नंतरही पुस्तकातलं अर्धंमुर्धंच पाळत होता. म्हणून आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, कोर्टात बोलावणी यायची. पाद्र्याने घालायचा पांढरा झगा घातला तो अगदी आयुष्याच्या उतरणीवर. बिशपांच्या माणसांनी बराच काळ डोळेझाक केली. गरीब गावची जागा, धनी पाठीशी, आणि माणूस राजाविरुद्ध बोलत नाही. कशाला हात लावा?

---

खडूस_म्हातारा

म्हणजे धनी पाठीशी. तेच तर म्हणतोय. ज्यांना धनी नव्हता ते गेले.

---

नगरचा_सॅम

आमचं घर नगरचं, चार पिढ्या ख्रिस्ती. त्यामुळे हा धागा आमच्याकडे मोठ्याने वाचला गेला. दोन गोष्टी.

एक, पाद्र्याच्या वर्गणीची कुरकुर आजही तशीच आहे. दशांश सगळ्यांना मान्य असतो, रविवारी थाळी फिरते तेव्हा खिशात सुट्टे असतात. तीनशे-चारशे वर्षांत एवढंच बदललं की अंडी द्यायची सोय राहिली नाही.

दोन, अर्ल्स कोनमध्ये जॉसलिनच्या आधी थॉमस शेपर्ड नावाचा प्रवचनकार होता. दप्तरींनी त्याला वगळलंय, म्हणून सांगतो. १६२७ पासून तिथे होता. लॉड तेव्हा लंडनचा बिशप होता, त्याने १६३० मध्ये शेपर्डचं तोंड बंद केलं. पाच वर्षं इकडेतिकडे लपूनछपून काढली आणि १६३५ मध्ये जहाजाने मॅसॅच्युसेट्सला गेला. त्याच्यासोबत हार्लाकेन्डन घरातलाच एक रॉजर होता. शेपर्ड तिथे केंब्रिज गावचा पाद्री झाला, हार्वर्ड कॉलेज त्याच्याच शेजारी उभं राहिलं. बिशप नको, प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहायचा, ही या लोकांची पद्धत. तिला काँग्रिगेशनल म्हणतात.

आता मुद्दा. याच मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल लोकांनी १८१० मध्ये परदेशी मिशनसाठी मंडळ काढलं. त्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. ती आमची अमेरिकन मराठी मिशन. रेव्हरंड टिळक बाप्तिस्मा घेऊन आले ते याच मिशनमध्ये. म्हणजे शेपर्डच्या बाजूचा धागा नगरपर्यंत आला आणि जॉसलिन ज्यात राहिला ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं बिशपवालं सरकारी, चर्च कंपनीबरोबर मुंबई-पुण्यात आलं. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं त्यात हे दोन्ही प्रवाह आले. बिशपवाले आणि बिशप नको वाले एका छपराखाली. एकत्र आले म्हणजे भांडणं मिटली असं मात्र समजू नका, ते आम्हाला विचारा.

---

दप्तरी

@नगरचा_सॅम, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे. शेपर्ड माहीत होता, पण नागपूरपर्यंतची वाट डोक्यात आली नव्हती.

---

गोधडी

जेनबद्दल कुणी काहीच विचारलं नाही. नजरानजर झाली, लग्न झालं आणि बाई गायब! दहा मुलं झाली म्हणे, खरं का?

---

दप्तरी

@गोधडी, खरं. १६४२ ते १६६३ या काळात दहा बाळंतपणं आणि त्याशिवाय निदान पाच गर्भपात. तिची स्वतःची एक ओळ शिल्लक नाही, जे कळतं ते नवऱ्याच्या वहीतून. पण त्या काळातल्या बाईच्या शरीराबद्दल इतकं सांगणारी वही दुसरी क्वचितच असेल. दिवस गेल्याची शंका, कळा सुरू झाल्यावर शेजारणी जमणं, अंगावरून कधी तोडलं, सगळं आहे. मूल वर्ष-दीड वर्ष अंगावर प्यायचं आणि ते तोडल्यावर काही महिन्यांनी पुढचं राहायचं. दोन मुलांत साधारण दोन-अडीच वर्षांचं अंतर पडायचं ते यामुळे. लोकसंख्येचा इतिहास लिहिणारे या नोंदी वापरतात.

मुलं घरात राहायची मात्र थोडीच वर्षं. दहा ते पंधरा वयात एकेक बाहेर, कुणी लंडनला धंदा शिकायला, कुणी दुसऱ्याच्या घरी कामाला. पाद्र्याच्या मुलीही त्यातून सुटल्या नाहीत. जेन नवऱ्याच्या मागेही जगली.

---

गोधडी

आणि गेलेली मुलं?

---

दप्तरी

पाच त्याच्या डोळ्यांदेखत गेली. सगळ्यात मोठा घाव १६५० चा. मे महिन्याच्या शेवटी आठ वर्षांची मेरी गेली. आठवडा उलटायच्या आत तान्हा राल्फ गेला. त्याच दिवसांत घरोब्यातली एक मैत्रीण, मिसेस चर्च, गेली. मेरीबद्दल लिहिताना तो तिला गंधरसाची पुरचुंडी म्हणतो. बायबलमधल्या गीतरत्नातली प्रतिमा आहे, तिथे प्रेयसी प्रियकराबद्दल म्हणते.

१९७० च्या दशकात लॉरेन्स स्टोनसारखे मोठे इतिहासकार म्हणत होते की त्या काळात मुलं इतकी मरायची की आईबाप जीव लावतच नसत. या वहीची पानं त्याला उत्तर म्हणून पुढे केली गेली.

---

अभ्यासू_नाही

एक शंका. हा माणूस वेदीपुढे वाकत नाही, झगा घालत नाही, पुस्तक अर्धवट वाचतो. मग याला अँग्लिकन कशाच्या जोरावर म्हणायचं? प्युरिटन म्हणा की सरळ.

---

दप्तरी

दोन्ही म्हणा. १६६० च्या आधी प्युरिटन हे चर्चच्या आतलेच लोक होते, चर्चमध्येच राहून ते धुऊन काढू बघणारे. इंग्लंडात साधारण नऊ हजारांवर पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, आणि मतं हर तऱ्हेची. १६६२ मध्ये दारं लावली गेली तेव्हा आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलं. जॉसलिन दार लागताना आत उभा होता.

मात्र तो आतून कसा होता ते प्रभुभोजनाच्या बाबतीत दिसतं. गावातल्या कुणालाही भाकरी आणि द्राक्षारस द्यायचा की फक्त खऱ्या भाविकांना, या पेचात त्याने जवळजवळ नऊ वर्षं प्रभुभोजनच बंद ठेवलं. १६५१ मध्ये सुरू केलं ते मोजक्या लोकांपुरतं. बाकी गाव बाहेर. गावकऱ्यांचे त्याने मनात गट पाडले होते : 'आमची मंडळी', 'माझे पेंगणारे श्रोते' आणि चर्चला क्वचितच फिरकणारी घरं. पेंगणाऱ्यांचा आकडा मोठा असणार.

---

खडूस_म्हातारा

नऊ वर्षं! आणि दशांश चालू?

---

दप्तरी

दशांश चालू. :)

पण याच मुद्द्यावर क्वेकर लोक उठले. पगारी पाद्री म्हणजे भाडोत्री, दशांश देणार नाही. जेम्स पार्नेल नावाचा विशी न ओलांडलेला पोरगा १६५५ मध्ये या भागात प्रवचनं देत फिरत होता. कॉगशॉलला त्याला पकडलं, कोलचेस्टरच्या किल्ल्यात टाकलं आणि १६५६ मध्ये तो तिथेच मेला. जॉसलिनला या लोकांची धास्ती होती आणि सहानुभूती अजिबात नव्हती. इथे मात्र मी @खडूस_म्हातारा यांच्या बाजूने. स्वतःची सदसद्विवेकबुद्धी जपायला ज्याला इतकी मोकळीक मिळाली, त्याने दुसऱ्याला ती द्यायला हवी होती.

---

एसेक्सवासी

मी कोलचेस्टरजवळ राहते. हा किल्ला अजून उभा आहे, नॉर्मन काळातला, आता संग्रहालय. पार्नेलची कोठडी दाखवतात. आणि गावाचं नाव दप्तरींनी बरोबर लिहिलंय, इथले लोक 'कोन'च म्हणतात, 'कोल्न' म्हटलं की आपण बाहेरचे हे लगेच कळतं.

अर्ल्स कोनचं सेंट अँड्र्यू चर्च बघण्यासारखं आहे. मनोऱ्यावर डी व्हिअरांचा तारा आहे. गाव इथून दहा मैलांवर. त्यामुळे १६४८ चा कोलचेस्टरचा वेढा, अकरा आठवडे चाललेला, जॉसलिनला जवळजवळ ऐकू येत असणार. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये कोलचेस्टरची जवळपास निम्मी माणसं मेली. तो दर आठवड्याला आकडे लिहून ठेवत होता. लॉकडाऊनमध्ये मी ती पानं वाचली होती, संध्याकाळच्या बातम्यांआधी. पूर्ण डायरी आणि गावची कोर्टाची, जमिनीची कागदपत्रं नेटवर फुकट आहेत. केंब्रिजच्या लोकांनी घातली आहेत.

---

मुक्काम_पोस्ट

हे मॅकफार्लेन म्हणजे नेपाळच्या गुरुंग लोकांवर काम केलेले तेच का?

---

एसेक्सवासी

तेच. जन्म शिलाँगचा. एकीकडे नेपाळमधल्या डोंगरी गावात राहून माणसांचा अभ्यास आणि दुसरीकडे सतराव्या शतकातल्या एसेक्समधल्या गावाचा. त्यामुळे ते डायरीला विचारतात ते प्रश्नही तसलेच : अडल्यावर हा माणूस कुणाकडे जातो? नातेवाइकांकडे की शेजाऱ्यांकडे? उत्तर बरेचदा शेजारी असं येतं. चुलते-मामे फार लांबवरचे पाहुणे, आजारपणात धावून येते ती शेजारीण.

---

नगरचा_सॅम

पाद्र्याचं पोरगं वाया जातं अशी आमच्याकडे एक म्हण होण्याइतकी ख्याती आहे. याची कशी निघाली?

---

दप्तरी

@नगरचा_सॅम, अपवाद नाही. थोरला टॉमस लंडनला शिकला, परत आला, १६७३ मध्ये गेला. त्याच वर्षी मुलगी अ‍ॅन गेली. मग उरला जॉन. पिणं, रात्री बाहेर राहणं, उलट बोलणं. एकदा बापाने घरातल्या सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा आजपासून माझा मुलगा नाही, घरात राहायचं तर नोकर म्हणून राहील. आणि लगेच पुढे, की बाहेर जाऊन कुठे नीट चाकरी धरणार असेल तर वर्षाला १० पौंड देईन. अशा धमक्या पुन्हा पुन्हा दिल्या. १६८१ मध्ये जॉनने बापाला न सांगता लग्न केलं. डायरीत एवढंच, की देव त्याच्या चुका माफ करो. धमकी प्रत्यक्षात कधी उतरली नाही.

---

खडूस_म्हातारा

वर्षाला १० पौंड. ठरलेल्या ८० मधले. वर्गणी बुडालेली असताना.

बरं, डायरीचा दुवा द्या. हिवाळ्यात बघतो.